बाहेरून आलेलं ‘आते’

धुळ्याच्या तंत्रनिकेतनात, दुसऱ्या मजल्यावर
पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलाय तो,
लिलावात मिळालेला सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप.
वजन बावीस किलो.
मॅन्युअलची पहिली चाळीस पानं वाळवीने वाचली.
एप्रिलचे चव्वेचाळीस अंश, कूलर नुसता आवाज करतो.
हेमांगी बोरसे पडद्याकडे बघून म्हणते,
मॅडम, हे तर पीठ सांडलंय.

खरंच. हिरवं पीठ,
कळण्याचं दळण चाळताना उडावं तसं,
कुठेच न बसणारं.
लेव्हलची कळ फिरवून झाली,
टाइमबेस बदलून झाला,
एकदा डोक्यावर थापही मारली
(ती मी. जर्नलमध्ये लिहायची नाही).

मग तिला दुसरं भोक दाखवलं,
कोपऱ्यातलं, धुळीने बुजलेलं.
म्हटलं, बाई, याला समोरचं बघून सुरुवात करता येत नाही.
जे बघायचं ते इतक्या घाईचं
की दिसलं म्हणेपर्यंत संपलेलं.
याला आधी कुणीतरी सांगावं लागतं,
आणि ते कुणीतरी
बाहेरचं असावं लागतं.

आमच्या देवपुरात नळाला आठव्या दिवशी पाणी.
उखाभाऊ निकुंभ यायचे सायकलवरून,
दांडीला बांधलेली साडेतीन फुटी चावी,
कोपऱ्यावरच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरायचे,
सात आटे फिरवायचे
आणि मान वर काढून ओरडायचे,
आते वं!
पाणी मागाहून यायचं.
पाइपातून चालत, खाकरत,
आधी हवा, मग गंज, मग ते.
हाक पाण्याच्या पुढे धावायची
आणि त्या मधल्या फटीत
अख्ख्या गल्लीचे हंडे जागेवर लागायचे.

तर जनरेटरची एक तार सरळ त्या भोकात.
दुसरी, जिच्यात आपला पल्स आहे,
तिला लांबून न्यायची.
पंधरा मीटर केबल, वेटोळं करून
कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली.
पंच्याहत्तर नॅनोसेकंद,
बस्स, एवढाच वळसा.
तेवढ्यात तो डोळा उघडून बसतो.

ठिपका.
ठिपका.
एका खेपेला एकच,
पुढच्या खेपेला किंचित उशिराचा,
त्याच्या पुढच्या खेपेला आणखी किंचित.
पीठ खाली बसलं.
चढती कड उभी राहिली, जराशी उसळी,
मग सपाट, अंगण सारवल्यासारखं.
हेमांगीने काचेला बोट लावलं.
मी रागावले नाही.

मॅडम, म्हणजे ही एक लाट नाहीच?
नाही.
हजारो लाटांतला एकेक कण.
पूर्ण अशी एकही पाहिलेली नाही आपण.
ती थोडा वेळ गप्प.
मग, आणि एकदाच झालं तर?

गेल्या वर्षी व्हॉल्व्हला मोटर बसली.
पाणी येतं अजून,
रात्री दोनला, कधी साडेतीनला,
न सांगता, अर्धं गटारीत.
चावी कार्यालयात जमा करायला निघाले
त्या सकाळी उखाभाऊ आमच्या ओट्यापाशी थांबले होते.
सायकलवरून उतरलेही नव्हते, एक पाय जमिनीवर.
काहीतरी म्हणाले.
आत मिक्सरवर शेंगदाणे फिरत होते.
मी हो हो म्हटलं,
आणि ते हसले, की मला तसं वाटलं.
चावीचं टोक उन्हात चकाकलं, तेवढं आठवतं.
एक ठिपका.
त्याच्या शेजारचा दुसरा
मी अजून शोधते आहे.

हेमांगी पेन उघडून उभी.
म्हटलं, लिही.
एकदाच घडलेलं
या यंत्राला दिसत नाही.
तिने लिहिलं,
मर्यादा, क्रमांक तीन,
आणि पट्टी लावून
खाली रेघ मारली.